चौरंगाखालची चांदणी

गेल्या वर्षी आमच्या घरचा गणपती पाच दिवस ऑफिसच्या लॅपटॉपवर बसला होता.

हे कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, लॅपटॉप नंतर चालू झाला का? (त्या पाच दिवसांत माझं काय झालं, हे अजून एकानेही विचारलेलं नाही.) तर सगळं पहिल्यापासून सांगतो.

माझं ऑफिस नोएडात आहे आणि मी तिथे खरेदी विभागात आहे. आम्ही कारखान्यांना पाण्याचे पंप विकतो. सेल्सची चाळीस माणसं दिवसभर फरिदाबाद ते मानेसर हिंडत असतात आणि त्यांच्याबरोबर त्यांचे लॅपटॉपही हिंडतात, आपटतात, चहा पितात. ते सगळे लॅपटॉप आता थकले होते. चाळीस त्यांचे आणि एक माझा, असे एकेचाळीस नवे घ्यायचे होते. एकदा घेतले की चार वर्षं बदल नाही. कोणते घ्यायचे ते मी ठरवायचं होतं.

इथे खुर्च्यांबद्दल सांगणं भाग आहे. आदल्या वर्षी ऑफिसच्या खुर्च्या मीच निवडल्या होत्या. त्या इतक्या देखण्या होत्या की त्यांच्यावर बसायला संकोच वाटावा. तो लोकांना वाटला असता तर बरं झालं असतं! पहिल्याच महिन्यात तीन मोडल्या, आणि तिसरी मोडली तेव्हा तिच्यावर लुधियानाचं आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक बसलेलं होतं. तेव्हापासून आमचे साहेब, भल्ला सर, मला कुठलंही काम देताना आधी थोडा वेळ माझ्याकडे नुसतं बघतात. या वेळीही त्यांनी तसंच बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "सुहास जी, इस बार कुर्सी वाली बात न हो. वरना परचेज़ किसी और को देना पड़ेगा."

भल्ला सर ओरडतात तेव्हा काळजी नसते. ते हळू बोलले म्हणून मी घाबरलो.

दोन नमुने आठवडाभर वापरून बघायला मिळाले. एक होता काळा, जाडजूड, कोपऱ्यांना रबर लावलेला. उघडला की आतला पंखा दम लागल्यासारखा घरघरायचा. त्याचं नाव मी ठोकळा ठेवलं. आणि दुसरी... दुसरीबद्दल मला आजही नीट बोलता येत नाही. रुपेरी-करडा रंग, वर नाव नाही, चिन्ह नाही. मिटली की उघडायची फट शोधावी लागायची. हातात घेतली तर वजनच कळेना. अकराव्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीत संध्याकाळचं ऊन आलं की तिच्या पाठीवर नोएडाचं सगळं आकाश, धुळीसकट, गुलाबी होऊन उतरायचं. तिचं नाव मी चांदणी ठेवलं.

मी मुळात जरा तंद्रीत जाणारा माणूस आहे. चांदणी आल्यापासून तर मी पृथ्वीवर फक्त जेवायला येत होतो. मला दिसायचं की मी एका काचेच्या कॅफेत बसलोय, समोर चांदणी, बाहेर मंद पाऊस. मी एका बोटाने काहीतरी टाइप करतोय आणि सगळे पंपवाले माझ्याकडे आदराने बघताहेत. त्या चित्रात माझं पोट नसायचं. हे मी एकदा चुकून वैजूला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं. ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "लॅपटॉप बारीक झाला म्हणून तू होणार नाहीस, सुहास."

मी शुक्रवारीच अहवाल तयार करून टाकला. तीस स्लाइड! ठोकळा मी तोवर एकदाही नीट वापरला नव्हता, पण त्याच्या विरोधात नऊ स्लाइड केल्या. हे सगळं मी अर्थातच चांदणीवर केलं. नमुन्याचे लॅपटॉप ऑफिसच्या नेटवर्कला जोडायचे नव्हते, त्यामुळे त्या तीस स्लाइड जगात फक्त तिच्याच पोटात होत्या. सोमवारी सकाळी त्या भल्ला सरांना दाखवायच्या होत्या. शनिवारी गणपती होता. त्यातून मोकळं झालं की स्वतःला ईमेल करून ठेवू, असं मी ठरवलं आणि पुन्हा कॅफेत जाऊन बसलो.

गणपतीसाठी साताऱ्याहून नाना आले होते. नाना म्हणजे माझे वडील. त्यांनी उभं आयुष्य एका कारखान्यात फोरमन म्हणून काढलं. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, पण खिशात अजून छोटी पाणसळ असते, ती काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. कुणाच्या घरी गेले की ते आधी टेबल सरळ आहे का बघतात आणि मग खुशाली विचारतात. वस्तूच्या बाबतीत त्यांचा एकच प्रश्न असतो, किती वर्षं झाली? उत्तर दहाच्या आत असेल तर ते पुढे ऐकत नाहीत.

आमच्याकडे गणपती बसतो तो बाल्कनीत. तिला आम्ही काचा लावून घेतल्यात, त्यामुळे मूर्तीच्या मागे थेट आकाश येतं. पण मुळात ती बाल्कनी, त्यामुळे पाणी वाहून जायला फरशीला बाहेरच्या बाजूला उतार आहे. शनिवारी सकाळी नानांनी चौरंग ठेवला, त्यावर करोल बागेतून आणलेली शाडूची मूर्ती ठेवली, पाणसळ लावली आणि त्यांचा चेहरा उतरला. बाप्पा जेवण झाल्यासारखा मागे रेलून बसला होता.

मी त्या वेळी खाली गेटवर होतो. दिल्लीत पूजा सांगणारे मराठी गुरुजी मोजके, आणि त्या दिवशी त्यांना घरं अगणित. आमच्या वाट्याला सात ते सव्वाआठ एवढा वेळ आला होता, त्यानंतर त्यांना गुरुग्राम गाठायचं होतं. आणि माझ्या फोनवरून मंजुरी आल्याशिवाय आमचा गार्ड प्रत्यक्ष गणपतीलाही आत सोडणार नाही. फोन माझ्या खिशात मुका पडलेला, मी वर चांदणीच्या विचारात, आणि गुरुजी सोवळ्याची पिशवी घेऊन गेटवर वीस मिनिटं उभे! शेवटी वैजूने मला खाली पिटाळलं. मी गुरुजींची माफी मागत होतो, तेवढ्या वेळात वर नानांनी उताराचा प्रश्न सोडवला.

कसा, ते मला नंतर कळलं. मागच्या दोन पायांखाली काहीतरी सपाट आणि कडक हवं होतं. घरात रद्दी नाही, पेपर आम्ही फोनवर वाचतो. पुठ्ठा दबतो. ईराची, म्हणजे आमच्या नऊ वर्षांच्या मुलीची, पुस्तकं होती, पण पुस्तक पायाखाली घालायचं नसतं. ती विद्या. मग नानांना जेवणाच्या टेबलावर मी ऑफिसातून आणलेल्या दोन वस्तू दिसल्या. वैजूने आवराआवरीत ठोकळा चांदणीच्या वर ठेवला होता. नानांनी आधी ठोकळा लावून बघितला. बाप्पा पुढे झुकला आणि नमस्कार करणाऱ्याच्या अंगावर यायला लागला. मग त्यांनी चांदणी लावली. बुडबुडा मधोमध येऊन थांबला.

गुरुजी आले, प्राणप्रतिष्ठा झाली, आरती झाली, गुरुजी गुरुग्रामला गेले. मी एकवीसपैकी अकरा मोदक खाल्ले आणि सोफ्यावर आडवा झालो. काचेतून येणारा तो मऊ पिवळा उजेड, उदबत्तीचा धूर, समईची थरथरती ज्योत, आणि मूर्तीमागे एक कबुतर कठड्यावर बसून आत बघत होतं. मला वाटलं, सगळं किती छान चाललंय. अर्धवट झोपेत मी सोमवारचं सादरीकरण दोनदा करून टाकलं. दोन्ही वेळा टाळ्या पडल्या.

रविवारी दुपारी ईमेल करायला बसलो तर टेबलावर नुसता ठोकळा.

पहिला तासभर मी शांतपणे शोधलं. दुसऱ्या तासात गाद्या उचलल्या. त्यानंतर मी फ्रिज उघडून बघितला, हे वैजू अजून लोकांना सांगते. मी तिला आवरण्यावरून बोललो, तिने मला पसाऱ्यावरून ऐकवलं, आणि मग म्हणाली की कालपासून तिच्या पैठणीची प्लॅस्टिकची चेनवाली पिशवीही सापडत नाहीये, पैठणी नुसतीच कपाटात पडलीय, तेव्हा घरात दोन वस्तू हरवल्यात आणि आरडाओरडा एकाच वस्तूचा चाललाय. नाना खुर्चीत बसून हे सगळं स्वस्थपणे ऐकत होते. लॅपटॉप हरवलाय म्हणतो, आणि लॅपटॉप तर समोर टेबलावर आहे, असं त्यांच्या मनात चाललं असावं. दिल्लीची हवा, दुसरं काय.

ईरा चित्र रंगवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "बाबा, ती सिल्व्हरवाली ना? ती तर बाप्पाच्या खाली आहे. मी आणि आजोबांनी बिल्कुल फिट बसवली."

मी बाल्कनीत जाऊन आडवा झालो, फरशीला गाल लावला आणि चौरंगाचं लाल कापड वर केलं. पैठणीच्या पिशवीत, चेन लावून, माझी चांदणी झोपलेली होती. तिच्या पाठीवर चौरंगाचे दोन पाय. शेजारून पूजेच्या पाण्याचा ओघळ उताराने जाळीकडे निघाला होता.

"नाना, हा लॅपटॉप आहे," मी म्हणालो.

"लॅपटॉप तो काळा. हा त्याच्याखाली ठेवायचा पत्रा."

"हाच लॅपटॉप आहे, नाना."

नानांनी खाली वाकून नीट बघितलं. "एवढ्याशात मावतो?" त्यांनी विचारलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर मला चक्क कौतुक दिसलं. पत्रा गंजू नये म्हणून पिशवीत घातला होता हे मात्र त्यांनी मला दोनदा सांगितलं.

मी चौरंग जरासा उचलायला हात लावला आणि नानांचा आवाज साताऱ्याच्या कारखान्यातला झाला. प्राणप्रतिष्ठा झालीय, उत्तरपूजेशिवाय मूर्ती जागची हलवायची नाही. मी म्हणालो, हलवत नाही, नुसती उचलतो. नाना म्हणाले, दोन्ही एकच. मी गुरुजींना फोन लावला. ते कुठल्या तरी घरी आरतीत होते. टाळांच्या आवाजातून ते म्हणाले की एवढी निकड असेल तर दीड दिवसाचा करा, आज संध्याकाळी उत्तरपूजा आटपून टाकू. हे मी घरात सांगितलं. वैजूने मंगळवारी टॉवरमधल्या बावीस घरांना प्रसादाला बोलावलं होतं. ईराचा पूर्ण वर्ग यायचा होता. नानांनी नुसती पाणसळ काढली आणि रुमालाने पुसायला लागले. त्यांच्या वडिलांपासून गणपती पाच दिवसांचा होता. मी फोन खाली ठेवला.

रविवारची सगळी संध्याकाळ मी बाप्पासमोर जमिनीवर तिरका बसून होतो. शेजारी येत, कुणी लाडवांचा खोका ठेवी, कुणी नारळ, कुणी पाच सफरचंदं, आणि सगळं चौरंगावर! प्रत्येक नारळाबरोबर माझ्या छातीवर भार वाढत होता. मी मूर्तीच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हतो, मी चौरंगाच्या मागच्या पायांकडे बघत होतो. समोरच्या फ्लॅटच्या मिश्रा भाभी वैजूला हळूच म्हणाल्या, "भाईसाहब तो बिल्कुल लीन हो जाते हैं." इतकी मनापासून प्रार्थना मी आयुष्यात कधी केली नव्हती, हे मात्र खरं.

सोमवारी ठोकळा खांद्याला लावून मेट्रोने निघालो. त्याच्या वजनाने मी डाव्या बाजूला असा कललो होतो की नानांनी पाणसळ लावली असती. स्टेशनच्या सरकत्या जिन्यावर, भल्ला सरांना काय सांगायचं या विचारात असताना, ठोकळा खांद्यावरून सुटला आणि अकरा पायऱ्या गडगडत खाली गेला. एका सरदारजींनी तो उचलून दिला. ऑफिसात उघडला तर आरामात चालू झाला, पंख्याची घरघरसुद्धा तश्शीच. मला त्याचा थोडा रागच आला.

भल्ला सरांनी दुसरा नमुना कुठे आहे, असं विचारलं. मी पाठ केलेली तीन खोटी कारणं त्या क्षणी डोक्यातून उडून गेली.

"सर, उसका टेस्ट चल रहा है. घर पे."

"कौन सा टेस्ट?"

"लोड टेस्ट, सर. पाँच दिन का. पिताजी कर रहे हैं, फोरमन थे."

लोड काय ठेवलाय, असं त्यांनी विचारलं. मग मात्र मला सगळं सांगावं लागलं, मूर्ती, उतार, पैठणीची पिशवी, सगळं. भल्ला सर माझ्याकडे बराच वेळ नुसते बघत राहिले. मला त्या नजरेत तिन्ही खुर्च्या दिसल्या. मग त्यांनी डायरी काढली, त्यात काहीतरी लिहिलं आणि सांगितलं की बुधवारी विसर्जनाला ते स्वतः येतील. टेस्टचा निकाल ते डोळ्यांनी बघणार, आणि परचेजचं काय करायचं तेही तिथेच ठरवणार.

ते दोन दिवस मी तरंगत होतो, पण या वेळी आनंदाने नाही. कॅफे दिसायचा, पण त्यात मी चहा आणून देत असायचो.

बुधवारी संध्याकाळी भल्ला सर लाडवांचा मोठा खोका घेऊन आले आणि कुणी अडवायच्या आत तो चौरंगावर ठेवून मोकळे झाले. नानांनी त्यांना पाणसळ दाखवली. "देखिए साहब, बुडबुडा बीच में. पाँच दिन में हिला नहीं." भल्ला सर गुडघ्यांवर बसून त्या बुडबुड्याकडे इतक्या भक्तीने बघत होते की मिश्रा भाभींनी त्यांनाही हात जोडले.

उत्तरपूजा झाली. बाल्कनीतच मोठा टब झेंडूच्या माळा लावून भरून ठेवला होता. नानांनी मूर्ती दोन्ही हातांवर घेतली, ईराने "मोरया" म्हणून घर डोक्यावर घेतलं, आणि बाप्पा हलकेच पाण्यात बसला. शाडू विरघळायला लागला, पाणी हळूहळू धुरकट झालं. मला एकदम भरून आलं. मग नानांनी चौरंग उचलला, पिशवी काढली, चेन उघडली आणि चांदणी माझ्या हातात दिली.

ती कोरडी होती. पाठीवर एक ओरखडा नाही, एक पोचा नाही. कोपऱ्यावर फक्त कुंकवाचं एक बोट लागलं होतं. मी ती उघडली आणि सगळे पुढे वाकले. एक क्षण काळोख, आणि मग उजेड! पडद्यावर माझी पहिली स्लाइड, पूर्ण, जशीच्या तशी. टाळ्या पडल्या. खरोखरच्या टाळ्या! भल्ला सर म्हणाले, "वाह, सुहास जी." दीड वर्षात त्यांनी मला पहिल्यांदा वाह म्हटलं होतं.

काचेबाहेर आकाश गुलाबी झालं होतं आणि ते सगळंच्या सगळं चांदणीच्या पडद्यात उतरलं होतं. मला कॅफे दिसला, मंद पाऊस दिसला. माझं परचेज वाचलं होतं. मागे सगळे पुढच्या वर्षी लवकर या म्हणत होते. मी चांदणीला दोन्ही तळव्यांवर उचलून धरलं, अगदी नानांनी मूर्ती धरली होती तसं, आणि सगळ्यांना दिसावी म्हणून एक पाऊल मागे घेतलं.

मागे ओली फरशी होती आणि फरशीला उतार होता.

मी पडलो नाही. मी टबाचा काठ दोन्ही हातांनी घट्ट पकडला. दोन्ही हातांनी पकडला, हीच चूक झाली. झेंडूची फुलं दोन्ही बाजूंना सरकली, चांदणीने पाण्यात एकदा डोळा मिटला आणि ती बाप्पाशेजारी जाऊन निवांत बसली.

ईराने विचारलं, "बाबा, लॅपटॉपचं पण विसर्जन असतं?"

भल्ला सर टबात वाकून बराच वेळ बघत होते. शेवटी त्यांनी नानांकडे वळून विचारलं, "पिताजी, आपकी क्या राय है?"

नाना म्हणाले, "माल अच्छा था." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सुस्कारा सोडला. "और ये वाला माल अपने ही घर का है. क्या करें."

परचेज माझ्याकडेच राहिलं. भल्ला सरांनी फाइलवर स्वतःच्या हाताने लिहिलं की पातळ लॅपटॉप पाच दिवसांच्या लोड टेस्टमध्ये पास झाला आहे, टेस्ट त्यांनी समक्ष पाहिली आहे, आणि वस्तूत काही दोष आढळला नाही. पंधरा दिवसांनी खोके आले. सेल्सची माणसं आपापला लॅपटॉप खिडकीच्या उजेडात धरून बघत होती, आणि मी यादीवर खुणा करत होतो. एकेचाळीस मोजले. चाळीस चांदण्या होत्या आणि एक ठोकळा. ठोकळ्याच्या खोक्यावर माझं नाव होतं, आणि त्याच्याखाली भल्ला सरांच्या अक्षरात लिहिलं होतं, "कृपया इसे पानी से भी टेस्ट करें."